आवाजाचं शेपूट

गाडी पुलाच्या चढावर बंद पडली तेव्हा त्याला सगळ्यात आधी जाणवलं ते हे, की काही झालंच नाही. धूर नाही, हादरा नाही, आवाज तर नाहीच नाही. बोलता बोलता एखादं माणूस मध्येच गप्प व्हावं तशी गाडी गप्प झाली आणि स्टिअरिंग हातात जड लागायला लागलं. मागून भोंगे सुरू झाले, ते मात्र त्याला व्यवस्थित ऐकू आले. शेवटी मागचाच एक टॅक्सीवाला उतरला, त्याच्या मदतीने गाडी ढकलत पुलाच्या कडेला आली, आणि टॅक्सीवाल्याने बॉनेट उघडून एकदा आत डोकावून, परक्याच्या गाडीबद्दल बोलताना माणसाला जी मोकळीक असते त्या मोकळिकीने सांगितलं, "काका, इंजिन जाम झालंय. कितीतरी दिवस बोंबलत असेल बिचारं." तो म्हणाला, "नाही. अजिबात नाही." हे तो इतक्या तुटकपणे म्हणाला, की टॅक्सीवाल्याने खांदे उडवले आणि हात पुसत निघून गेला. मदत करणाऱ्या माणसाला आपण साधं थँक्यूही म्हटलं नाही, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा टॅक्सी पूल उतरून गेली होती.

गॅरेजमधला मिस्त्री त्याच्या ओळखीचा. गाडी घेतल्यापासून सर्व्हिसिंग त्याच्याकडेच. चष्मा कायम कपाळावर, आणि तोंड इंजिनापेक्षा जास्त चालणारं. त्याने तेल मोजायची पट्टी ओढून काढली, फडक्यावर पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली आणि त्याच्यासमोर धरली. पट्टी कोरडी ठाक. "तेल जळत होतं साहेब, हळूहळू. गाडीचं वय झालं की तेल पिते ती. तेलाच्या दिव्याची वायर तुटलीय, म्हणून लाल दिवा लागला नाही. पण टॅपेट वाजत असणार की." टॅपेट म्हणजे काय हे त्याला ठाऊक होतं, तरी मिस्त्रीने बोटाच्या पेराने पत्र्यावर वाजवून दाखवलं. इंजिनाच्या डोक्यावरचे ते छोटे ठोकळे, तेल मिळेनासं झालं की कोरडेच एकमेकांवर आपटतात, लांबून शिलाई मशीन ऐकू यावं तशी बारीक टकटक. "आठवडेच्या आठवडे वाजत असणार. त्याशिवाय इंजिन असं जाम होत नाही."

"आवाज नव्हता," तो म्हणाला.

"असणारच साहेब."

"असता तर मला आला असता."

मिस्त्री हसला. त्यात कुचेष्टा नव्हती, तेच त्याला जास्त लागलं. "ते झालंच. तुमचा कान काय आम्हाला ठाऊक नाही? मागे एकदा तुम्ही रस्त्यावर उभे राहून सांगितलं होतंत, डावीकडच्या मागच्या चाकाचं बेअरिंग गेलंय म्हणून, आणि मी उघडलं तर गेलेलंच. म्हणून तर नवल वाटतंय."

हे नवल त्याला नको होतं. कान हेच त्याचं पोट होतं. धार लावायची, लोखंड घासायची दगडी चाकं जिथे बनतात त्या कारखान्यात तो गेली कित्येक वर्षं चाकं वाजवत होता. भट्टीतून निघालेलं चाक खुंटीवर टांगायचं, लाकडी मोगरीने चार जागी हलकेच ठोकायचं आणि ऐकायचं. धड चाक खणखणीत वाजतं. आत केसाएवढी चीर असली तर बद्द वाजतं, फुटक्या मडक्यासारखं. डोळ्याला ती चीर कधीच दिसत नाही. मोठी चाकं नंतर यंत्रावर जोरात फिरवून तपासली जात; छोट्यांची सगळी मदार त्याच्या कानावर. त्याला हे शिकवलं त्या म्हाताऱ्या उस्तादाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आवाज काय, कोणालाही येतो. तू आवाजाचं शेपूट ऐक. ठोका संपल्यावर मागे जी बारीक लकेर हवेत राहते ती किती लांबते ते बघ. चीर असली तर शेपूट तुटतं. ते शेपूट कानात बसायला त्याला एक अख्खा हिवाळा लागला होता. बसलं तेव्हा ते सगळीकडे ऐकू यायला लागलं होतं, कपबशीत, दाराच्या कडीत, लग्नानंतर बायकोच्या बांगड्यांत. कारखान्यात त्याला कानोबा म्हणत. नवीन कामगारांना वाटे हेच त्याचं नाव, आणि त्याने ते कधी सुधारलं नव्हतं.

उस्तादाने त्याला आणखी एक गोष्ट दाखवली होती. एका गिऱ्हाइकाकडे फिरता फिरता चाक फुटलं होतं आणि त्याचे तुकडे खोक्यात भरून परत आले होते. टेबलावर वर्तमानपत्र पसरून उस्तादाने ते एकेक मांडले, मोडलेलं भांडं जुळवून बघावं तसे. एक तुकडा कमी होता. तो कुठे आहे, असं त्याने विचारलं, तर उस्ताद म्हणाला, डॉक्टरांकडे. त्या यंत्रापाशी जो माणूस उभा होता त्याच्या जबड्यातून तो काढावा लागला होता. ते चाक त्या दोघांपैकी कोणी वाजवलेलं नव्हतं, त्यांच्या रजेत बदलीवर आलेल्या माणसाने वाजवलं होतं, पण त्या दिवशी उस्ताद जेवला नाही. आता गॅरेजात, त्या कोरड्या पट्टीसमोर, नेमका तो खोका त्याला आठवला आणि त्याने तो घाईघाईने मनातून बाजूला सारला. आवाज नव्हता. आवाज असता आणि आपल्याला आला नसता, तर मग त्याचा अर्थ फक्त गाडीपुरता राहत नव्हता.

म्हणून तो भांडला. भांडणं त्याच्या स्वभावात नव्हतं, त्यामुळे त्याला ते नीट जमलंही नाही. सर्व्हिसिंग तुमच्याकडेच झालं होतं, तेलाचा बोल्ट ढिला राहिला असणार, तेल एकदम गळून गेलं असणार, असं तो म्हणाला. मिस्त्री म्हणाला, बोल्ट जागच्या जागी आहे, हात लावून बघा. तो म्हणाला, आत्ता आवळला असेल तुम्ही. मिस्त्रीने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि त्याच्याकडे पाहिलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्याने दुसरा माणूस आणला. हमरस्त्यावरच्या काचेच्या गॅरेजातला, इस्त्रीचा शर्ट घातलेला, खिशाला दोन पेनं लावलेला. या इस्त्रीवाल्याने विजेरी मारून गाडीच्या पोटाखाली पाहिलं, हातही काळे न करता, आणि उठून सांगितलं, "बोल्टखालचा वॉशर जुनाच ठेवलाय यांनी. रस्त्यात कुठेतरी तेल एकदम गेलं. एकदम गेलं की आवाज व्हायला वेळच मिळत नाही सर. तुमची काहीच चूक नाही." तुमची काहीच चूक नाही. लहान मुलाच्या डोक्यावरून हात फिरवावा तसं ते वाक्य त्याच्या अंगावरून फिरलं. इस्त्रीवाल्याला हे काम स्वतःच्या गॅरेजात न्यायचं आहे, त्यासाठी तो गोड बोलतोय, हे न कळण्याइतका तो भोळा नव्हता. पण बुडत्याला काडीचा आधार, आणि काडी कोणाच्या शेतातली हे बुडता माणूस विचारत नाही. मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं. हात पुसत पुसत तो म्हणाला, "ठीक आहे साहेब. इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक आहात. तुम्ही म्हणता तर इंजिन मी पदरचं घालून बांधून देतो. पण आवाज होता, हे मी म्हणणारच." मग तो दुसऱ्या गाडीखाली शिरला आणि त्याचे फक्त पाय बाहेर दिसत राहिले.

जिंकून घरी परतताना माणसाला जे वाटायला हवं ते त्याला वाटत नव्हतं. अंग कणकणत होतं. बसमध्ये बसायला जागा मिळाली, एवढंच त्या दिवसातलं सुख. हल्ली तो पटकन थकायचा, आणि या थकव्याला एक विचित्र निवांतपणाही चिकटलेला असायचा. गेलं वर्ष-दीड वर्ष त्याला सगळं निवल्यासारखं वाटत होतं. घराजवळच्या झाडावर चिमण्यांचा कालवा व्हायचा तो बंद झाला होता. चिमण्या गेल्या असं सगळेच म्हणतात. बायको स्वयंपाकघरातून पूर्वीसारखी सतत काही विचारत नव्हती. शेजारच्यांचा टीव्ही त्रास देईनासा झाला होता. वय झालं की मन शांत होतं, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं, आणि आपलं झालं बुवा शांत, बाकीच्यांना त्यासाठी डोंगरावर जावं लागतं, असं तो मनातल्या मनात थोडं ऐटीतच म्हणत असे.

बायको इस्त्री करत होती. तिने वर न बघता विचारलं, "काय म्हणाला तो?"

"त्याचीच चूक निघाली. वॉशर बदलला नव्हता. तेल एकदम गेलं. म्हणजे आवाज झालाच नाही, मी म्हणत होतो तेच."

तिने इस्त्री उभी करून ठेवली. "आवाज तर होता."

"कसला?"

"असा, बारीक. टकटक टकटक. नणंदबाईंकडे गेलो होतो ना आपण, तेव्हा जाताना येताना सगळ्या रस्त्याने होता. त्याच्या आधीपण होता."

तो उभाच होता. पायातले बूटही काढले नव्हते. "मग मला नाही का सांगायचंस?"

"तुम्हाला?" ती खरोखरच गोंधळली. "अहो, तुम्हाला काय सांगायचं? मला वाटलं, ऐकलं असेल तुम्ही. तुम्ही काही बोलत नाही म्हणजे काळजीचं काही नसणार. लेक म्हणालीसुद्धा मागच्या सीटवरून, आई, बाबांना विचारू का हे काय वाजतंय. मी म्हटलं, गप्प बस, माशाला पोहायला शिकवू नकोस."

एखाद्या चारचौघांच्या घरात पहिल्याच दिवशी कोणीतरी म्हणालं असतं, अहो, काय वाजतंय ते बघा जरा. त्याच्या घरात दोघीजणी आठवडेच्या आठवडे ते ऐकत बसल्या, आणि तोंडातून शब्द काढला नाही, कारण कानोबा गाडी चालवत होता. तो खुर्चीवर बसला. बायकोने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरून एकामागून एक काहीतरी सरकत गेलेलं त्याला दिसलं. हिशोब लावताना माणसाचा चेहरा होतो तसा तिचा झाला होता. "दाराची बेल," ती म्हणाली. "तुम्ही दाराशेजारी बसलेले असता आणि उठत नाही. मला वाटायचं, मुद्दाम. मी ओट्यापाशी बोलते आणि तुम्ही हूं का चूं करत नाही. मग मी बोलणंच सोडलं. वर्षभर मी रागावलेय तुमच्यावर." मग ती म्हणाली, "फुकटच की." त्याला वाटलं ती रडेल, पण ती हसली, आणि ते हसणं रडण्यापेक्षा बघवेना. तिने हात त्याच्या कानाशी आणला आणि बांगड्या हलवल्या. "येतो?" त्याने नाही अशी मान हलवली. बांगड्या हललेल्या दिसत होत्या. पाण्याखाली काहीतरी हलावं तशा त्या हलत होत्या. खळखळ अशी थोडी आली, जाडी जाडी, ओबडधोबड. तिच्या मागची ती बारीक लकेर नव्हती. ती किती दिवसांपासून नव्हती हे त्याला सांगता येईना. कारण नसलेली गोष्ट कधी गेली हे कसं कळणार? दिवा गेला तर अंधार दिसतो. आवाज गेला की फक्त शांतता राहते, आणि तिला तो आपल्या मनाची पुण्याई समजत होता.

सकाळी तो कारखान्याच्या आधी गॅरेजात उतरला. मिस्त्री शटर वर करत होता. "आवाज होता," तो म्हणाला. "वॉशरचं सोडून द्या. पदरचं काही घालू नका. बोल्टाबद्दल मी जे बोललो ते बोलायला नको होतं."

"आठवला तुम्हाला आवाज?"

"बायकोने ऐकला होता."

मिस्त्रीने शटर पुरतं वर सारलं. मग म्हणाला, "होतं असं साहेब," आणि ते तो मोठ्याने म्हणाला. इंजिनाचं कसं करायचं, पार्ट कुठून मागवायचे, हे सगळं तो नंतर मोठमोठ्याने, एकेक शब्द तोडून सांगायला लागला. मिस्त्री हे चांगुलपणानेच करत होता. पण त्याला तिथून पळून जावंसं वाटलं, आणि सगळं समजल्यासारखी मान हलवून तो निघाला.

कारखान्यात रोजच्यासारखी चाकं मांडून ठेवलेली होती. त्याने एप्रन चढवला, मोगरी घेतली, पहिलं चाक टांगलं. ठोका. खण्. शेपूट आखूडच होतं. पण हल्ली सगळ्यांचंच आखूड असायचं. मालक चाकाचे कण चिकटवायची माती बदलतो, स्वस्तातली आणतो, असं त्याने या आखूडपणाचं कारण केव्हाच शोधून ठेवलं होतं. दुसरं चाक, तिसरं चाक. सगळी सारखीच वाजत होती, एकाच आईची पोरं असल्यासारखी. पूर्वी कधीच दोन चाकं सारखी वाजत नसत. ही गोष्ट डोळ्यासमोर असून त्याला दिसली नव्हती, आणि दिसल्यावर त्याच्या हातातली मोगरी घामाने ओली झाली. पलीकडच्या टेबलावर लेबलवाली बसलेली होती. पास झालेल्या चाकांवर कागदाची गोल लेबलं चिकटवण्याचं तिचं काम. वयाने त्याच्यापेक्षा बरीच लहान, तोंडात सतत लवंग, गप्प स्वभावाची. त्याने तिला हाक मारली. "जरा इकडे ये. हे ऐक." त्याने सहा-सात चाकं एकामागून एक वाजवली. पाचव्या की सहाव्या चाकाला तिने मान खाली घातली.

"कसं आहे हे?"

"दादा," ती म्हणाली, "हे बद्द आहे."

"मला खणखणीत वाटलं."

"हो. माहितीये मला."

तिच्या हातात खळीचा ब्रश होता. तिने त्याच्या दांड्याने ते चाक पुन्हा एकदा वाजवलं, अगदी सवयीने. दिवसभर ती असंच करते, हे त्याने शंभरदा पाहिलं होतं आणि ब्रशाची खळ झटकतेय असं समजून सोडून दिलं होतं. "तुमच्याकडून आलं की मी एकदा वाजवून घेते," ती म्हणाली. "बद्द लागलं की भंगारात टाकते."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. आधी वाटलं, तुम्हीच बोलाल. मग तुम्ही काही बोललाच नाहीत. मग मला वाटलं, मी कोण बोलणारी? साहेबांना कळलं तर तुम्हाला घरी बसवतील."

"किती निघाली?"

"मोजली नाहीत. भीती वाटायची मोजायला."

तो स्टुलावर टेकला. त्याने रागावून पाहिलं, पण राग आला नाही. लाज आली, आणि लाजेच्या मागोमाग, तिला ढकलून बाजूला सारत, मोठी सुटका वाटली. कोणाच्या जबड्यात काही गेलं नव्हतं. लवंग चघळणारी ही बाई, हिने त्याची अब्रू आणि कोणाकोणाचे चेहरे ब्रशाच्या दांड्यावर तोलून धरले होते. आता घरी जावं, कान तपासून घ्यावा, रीतसर सांगून बाजूला व्हावं. कानाला यंत्र लावून दारातली बेल तरी ऐकावी. तिला काहीतरी चांगलं म्हणावं म्हणून त्याने तोंड उघडलं, आणि त्याच्या तोंडून भलतंच आलं.

"तू बहिणीच्या बाळंतपणाला गेली होतीस. तेव्हा लेबलं कोण लावत होतं?"

ती काही बोलली नाही. बोलली असती आणि त्याला ऐकू आलं नसतं असं नव्हतं. तिचे ओठ हललेच नाहीत, हे त्याने नीट पाहिलं.

"तेव्हा कोण होतं?"

"पॅकिंगमधलं कोणीतरी होतं," ती शेवटी म्हणाली. "मी परत आले, तोवर पेट्या गेल्या होत्या. मी विचारलं होतं कुठे गेल्या ते. मग म्हटलं, जाऊ दे, झालं असेल सगळं नीट. रोज रात्री म्हणते, झालं असेल."

त्याने एप्रनची गाठ सोडायला घेतली. ती सुटेना, मग त्याने तो तसाच डोक्यावरून काढला. मॅनेजरची खोली जिन्यावर होती. जिना चढताना त्याला कसलीच घाई नव्हती आणि थांबावंसंही वाटत नव्हतं. फार थकल्यावर माणूस जसा नुसता पुढे पाऊल टाकत राहतो तसा तो चढत होता. कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी पत्र्याच्या शेडमध्ये, कोणीतरी पेटी फोडून त्यातलं चाक यंत्रावर चढवत असेल, चेहरा जवळ आणून नट आवळत असेल. चाकावरच्या लेबलावर तपासल्याची खूण असेल, त्याची. मॅनेजर कागदात डोकं घालून बसला होता. त्याला पाहून म्हणाला, "काय कानोबा, वर कसे काय?"

"लेबलवाली रजेवर होती त्या दिवसांतल्या पेट्या परत मागवा. ज्यांनी उघडल्या असतील त्यांना फोन करा, यंत्र चालू करू नका म्हणावं."

"का? काय झालंय त्या चाकांना?"

"ते मला सांगता येणार नाही," तो म्हणाला. "ती मी वाजवलीत."